वकिलाच्या पाटीवर काय नसतं

नवरा गेल्यावर दिरांनी माझ्या आत्याचं नाव सातबाऱ्यावर चढू दिलं नाही. दोन एकर बागायत आणि अर्ध्या विहिरीचं पाणी, एवढाच मामला. तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावायचं ठरलं, तेव्हा वकील शोधायचं काम आत्याने एकटीने केलं, आणि सगळे करतात तसंच केलं. कोर्टाच्या आवारातल्या स्टॅम्प व्हेंडरला विचारलं. त्याने एक नाव सांगितलं. "ह्यांचं वजन आहे काकू कोर्टात." आत्याने फीचा पहिला हप्ता दिला, वकीलपत्रावर सही केली आणि तारखा सुरू झाल्या.

दीड वर्षाने कळलं की साहेबांचं खरं काम मोटार अपघाताच्या भरपाईचं. जमिनीचे दावे ते घेतात, पण चालवतात ज्युनियर, आणि आत्याचा दावा ज्या मुलाकडे होता त्याला वकिलीची सनद मिळून वर्षही झालं नव्हतं. फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. साहेब खोटं बोलले नाहीत, आत्याने विचारलं नाही. असं विचारायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी विचारायचं कोणाला? साहेबांनाच?

आत्याने मदत मागितली तेव्हा मी मुंबईत बसून मोठ्या लॉ फर्मची संकेतस्थळं उघडून पाहिली. आधी एक चौकट येते. तिच्यात अशा अर्थाचा मजकूर असतो की, मी स्वखुशीने इथे आलो आहे, मला कोणी बोलावलेलं नाही, आणि ही जाहिरात नव्हे. 'सहमत' वर बोट ठेवलं की दार उघडतं, आणि आत वकिलांचे फोटो आणि त्यांचा परिचय. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पदवी, इंग्लंड-अमेरिकेतलं एलएल.एम., सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे वर्षभर लॉ क्लार्क, मग अमुक फर्म, मग तमुक. सगळं नीटनेटकं, वाचायला छान. पण हे परिचय वाचतो कोण? फर्मचे अशील म्हणजे बँका आणि कंपन्या. त्यांच्याकडे स्वतःचा विधी विभाग असतो आणि कोणता भागीदार काय वकुबाचा आहे हे त्या विभागाला फोटो न बघताही माहीत असतं. ज्याला माहितीची फारशी गरज नाही त्याच्यासाठी माहिती सजवून ठेवलेली आहे. कोर्टाच्या पायरीवर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी मात्र स्टॅम्प व्हेंडर.

माझं म्हणणं साधं आहे. वकिलाची पार्श्वभूमी ही त्याची खासगी बाब नाही. त्याला सनद सार्वजनिक संस्था देते, न्यायालयात उभं राहण्याचा हक्क कायदा देतो, तेव्हा त्याची कामाची नोंद पक्षकाराला सहज दिसली पाहिजे. आज ती दिसत नाही, आणि त्याला कारण वकिलांच्या लबाडीपेक्षा नियमांची जुनी घडण जास्त आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था, हिच्या नियमावलीतला ३६ वा नियम वकिलाला जाहिरात करायला, काम मागायला बंदी करतो. ही बंदी बहुतेकांना माहीत असते. पाटीबद्दल तो नियम काय म्हणतो हे मात्र वकिलांबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. पाटी बेताच्या आकाराची असावी. आपण बार कौन्सिलचे किंवा एखाद्या संघटनेचे पदाधिकारी वा सभासद आहोत किंवा होतो, हे तिच्यावर लिहू नये. कुठल्या व्यक्तीशी, संस्थेशी वा चळवळीशी आपला संबंध आहे, हे लिहू नये. आपण न्यायाधीश किंवा महाधिवक्ता होतो, हेही नाही. आणि आपण एखाद्या विशिष्ट प्रकारचं काम करतो, हेसुद्धा नाही. म्हणजे डॉक्टरच्या पाटीवर 'बालरोगतज्ज्ञ' वाचून आपण पोराला आत नेतो, तशी सोय वकिलाच्या दारात कायद्यानेच काढून घेतलेली आहे.

ही बंदी उगाच आलेली नाही. साठच्या दशकात मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या दारात काही वकील पक्षकार दिसला की धावत जाऊन अंगावर पडत, हातातले कागद ओढत, फी पाडून सांगत, प्रसंगी एकमेकांशी हातघाईवर येत. महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोळकर हा खटला त्यातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात वकिली हा व्यापार नाही आणि ब्रीफ, म्हणजे वकिलाकडे सोपवलेलं प्रकरण, हा विकायचा माल नाही, अशा आशयाचं जे सुनावलं, ते आजही वकिलांच्या समारंभांत ऐकू येतं. ते वाचताना मला मात्र दारात उभा असलेला पक्षकार दिसतो. त्याच्या हातातले कागद ओढले जात होते, कारण कोणाकडे जायचं हे त्याला माहीत नव्हतं. न्यायालयाने ओढणाऱ्यांना दटावलं ते योग्यच झालं. पक्षकाराचं अज्ञान होतं तिथेच राहिलं.

२००८ मध्ये नियमाला एक खिडकी पडली. वकिलांना संकेतस्थळावर ठरावीक माहिती द्यायला परवानगी मिळाली: नाव, पत्ता, दूरध्वनी, सनदेचा क्रमांक आणि तारीख, शिक्षण, आणि कामाचं क्षेत्र. पाटीबद्दलची अट मात्र तशीच राहिली. गंमत बघा. संकेतस्थळ असलेल्याने 'दिवाणी आणि मालमत्ता' लिहिलं तर चालतं, पण तालुक्यातल्या वकिलाने तेच दोन शब्द लाकडी पाटीवर रंगवले तर ते गैरवर्तन. नियम केला गरीब पक्षकाराला दलालांपासून वाचवायला, आणि सवलत मिळाली ती संकेतस्थळ परवडणाऱ्यांना.

दलाल तर गेलेच नाहीत. ते आता फोनमध्ये राहतात. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची सेवा 'दुकान मांडून' विकणाऱ्या ऑनलाइन मंचांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि अशा वकिलांवर कारवाई करायला सांगितलं. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाला पुन्हा इशारा द्यावा लागला, कारण प्रसिद्धीसाठी चित्रपट अभिनेते आणि इन्फ्लुएन्सर यांना हाताशी धरण्यापर्यंत मजल गेली होती. खरी माहिती दाबून ठेवली की तिच्या जागी मौन येत नाही, वावड्या येतात. 'वजन आहे', 'जज्जसाहेबांच्या गावचे आहेत', 'आजवर एकही केस हरले नाहीत.' याहून वाईट जाहिरात कोणती असेल?

आता दुसरी बाजू, जी मला जास्त अस्वस्थ करते. समजा उद्या सगळं खुलं केलं आणि प्रत्येक वकिलाने आपला परिचय टांगला, तर त्यात काय असेल? फर्मच्या संकेतस्थळांवर असतं तेच. कॉलेजचं नाव, परदेशी पदवी, कोणाच्या हाताखाली उमेदवारी केली. ही वंशावळ झाली. शिक्षणाची वंशावळ असली तरी वंशावळच. आणि वंशावळीने वकील तोलले की काय होतं हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे.

१९२३ मध्ये बॅरिस्टर भीमराव आंबेडकर मुंबईत वकिलीला उभे राहिले, तेव्हा कागदावर त्यांच्यासारखी पार्श्वभूमी शोधून सापडली नसती. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. पण तेव्हाच्या पद्धतीत उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. ब्रीफ सॉलिसिटरने, म्हणजे पक्षकाराचं कागदोपत्री काम पाहणाऱ्या वकिलाने, द्यायची. आणि सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देईनात. त्यांना बाटलीबॉय इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावावा लागला. १९२६ मध्ये पुण्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्यावरचा बदनामीचा खटला त्यांनी चालवला आणि आरोपींना सोडवलं, तेव्हा त्यांची गुणवत्ता लोकांनी कोर्टात पाहिली. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट आणखी कडवट. त्या ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये पास झाल्या, पण स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा यायला १९२३ साल उजाडलं. परिचयपत्र कितीही झळाळतं असलं तरी दाराशी उभा असलेला माणूस ते वाचत नव्हता, तो चेहरा आणि आडनाव वाचत होता. म्हणून परिचय रंगवायला मोकळीक द्या एवढी मागणी मला पुरेशी वाटत नाही, आणि खरं तर धोक्याचीही वाटते. पक्षकाराला हवी ती वकिलाची नोंद.

नोंद म्हणजे नेमकं काय? सनद कधी मिळाली. पदवीची पडताळणी झाली का. सनद चालू आहे की निलंबित. शिस्तभंगाच्या कारवाईत दोषी ठरून काही शिक्षा झाली असल्यास कोणती. कुठल्या प्रकारची प्रकरणं हाती आहेत. बस.

यातली एकही गोष्ट नव्याने गोळा करावी लागत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम १७ प्रमाणे राज्य बार कौन्सिलने वकिलांची नोंदवही ठेवायचीच असते. कलम ३५ खाली ताकीद, निलंबन किंवा नोंदवहीतून नाव काढणं या शिक्षा ती देते, आणि त्याचे आदेश लेखी असतात. पण निलंबित वकिलाचं नाव पक्षकाराला कळावं कसं? निलंबनाच्या काळात त्याला कोणत्याही कोर्टात उभं राहता येत नाही. ज्याने त्याला फी दिली आहे त्याला हे सगळ्यांत आधी समजायला हवं, आणि बहुधा त्यालाच सगळ्यांत शेवटी समजतं. पदव्यांची गोष्टही तशीच. खऱ्या-खोट्या पदव्यांची छाननी इतकी रेंगाळली की २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि विद्यापीठांनी पडताळणीसाठी पैसे घेऊ नयेत असं सांगावं लागलं.

प्रकरणांची माहिती तर आधीच उघडी पडलेली आहे, फक्त कोणी बोट दाखवत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने किंवा सनदेच्या क्रमांकाने शोधता येतं. आपल्याकडच्या सनदेचा क्रमांक 'एमएएच' अक्षरांनी सुरू होतो आणि सालाने संपतो, म्हणजे वकीलपत्रावरच्या शिक्क्यातच वकिलाचं कोर्टातलं वय लिहिलेलं असतं. आत्याच्या पहिल्या वकिलांचं नाव मी तिथे टाकलं तेव्हा 'एमएसीपी'ची, म्हणजे अपघात दाव्यांची, रांग लागली. 'आरसीएस', म्हणजे साधे दिवाणी दावे, बोटावर मोजण्याइतके. पाच मिनिटांचं काम. आत्याची दीड वर्षं.

इथे वकील मित्र दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, आज नोंद मागाल, उद्या जिंकल्या-हरल्याची टक्केवारी मागाल. ती मी मागत नाही, आणि कोणी मागितली तर विरोध करीन. अवघड प्रकरण घेणारा वकील जास्त हरतो. फाशीच्या अपिलात उभा राहणारा हरतो, मोफत काम करणारा हरतो. टक्केवारी लावली की सगळे सोपी प्रकरणं वेचायला लागतील. वकिलांना गुण देण्याचा प्रयोग खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही करून पाहिला आहे. ज्येष्ठ अधिवक्ता निवडण्यासाठी २०१७ मध्ये शंभर गुणांची पद्धत आली: वकिलीच्या वर्षांना २०, निकाल आणि कामाला ४०, लेखनाला १५, मुलाखतीला २५. मध्ये ती दुरुस्त झाली, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयानेच ती गुंडाळली. रोज वकील ऐकणाऱ्यांना जे साधलं नाही ते तारांकन देणाऱ्या ॲपला साधेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. म्हणूनच मूल्यमापन नको, नुसती तथ्यं द्या.

दुसरा आक्षेप: हरलेला पक्षकार समोरच्या वकिलावर तक्रार ठोकतो, आणि त्या सगळ्या तक्रारी चव्हाट्यावर आल्या तर वकिलाचं जगणं मुश्कील होईल. बरोबर. म्हणून नोंदीत फक्त अंतिम आदेश यावेत, आणि अपिलात रद्द झालेले निघून जावेत. यात माझी एक भर. अशिलांची यादी मुळीच येऊ नये. एखाद्या आरोपीचा वकील म्हणजे त्या आरोपीचा साथीदार, असं समजणाऱ्या जमावाची आपल्याकडे कमतरता नाही. अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असे ठराव बार असोसिएशननीच केले आहेत, आणि असे ठराव बेकायदा आहेत हे सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्ये स्पष्ट करावं लागलं. कुठल्या चळवळीशी आपला संबंध आहे हे पाटीवर लिहू नये, हा नियमाचा भाग म्हणून मला शहाणपणाचा वाटतो. माजी न्यायाधीश असल्याचं मिरवू नये हाही. 'माजी न्यायाधीश' या दोन शब्दांत ज्ञान कमी आणि वशिला जास्त विकला जातो.

जगात हे कुठे नाही असं नाही. कॅलिफोर्नियाच्या स्टेट बारच्या शोधपानावर वकिलाचं नाव टाकलं की लॉ स्कूल, सनदेची तारीख आणि शिस्तभंगाची कारवाई दिसते. आपली ही पाटीची सोवळी कल्पना ज्या इंग्लंडातून आली, तिथे सॉलिसिटरांना जाहिरात खुली झाली १९८४ मध्ये, आणि आज तिथली नियामक संस्था सॉलिसिटरांची नोंदवही सगळ्यांना फुकट दाखवते. पण इतक्या लांब कशाला जायचं? महारेरावर फ्लॅट घेणाऱ्याला बिल्डरचे जुने प्रकल्प आणि त्याच्यावरचे खटले पाहता येतात. निवडणुकीच्या उमेदवाराने शिक्षण, मालमत्ता आणि फौजदारी गुन्हे जाहीर करावेत, तो मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं. त्या हक्कासाठी युक्तिवाद वकिलांनीच केला होता, हे जाता जाता.

आणि आता तर पक्षकाराच्या हातातली दुसरी काठीही गेली आहे. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. त्यामागचं तत्त्व मला पटतं. वकील नुसता पक्षकाराचा नोकर नसतो, न्यायालयाशीही त्याचं कर्तव्य असतं. पण परिणाम असा की वकिलाने हलगर्जी केली तर साध्या माणसाचा मुख्य रस्ता बार कौन्सिलकडे जातो, म्हणजे वकिलांनीच निवडलेल्या वकिलांकडे. नंतर दाद मागायची वाट अरुंद केली असेल, तर आधी पाहून निवडायची वाट तरी रुंद करायला हवी.

मोठ्या फर्मलाही यातून सुटका नसावी. तिथे फोटो भागीदाराचा असतो, बैठकीत पहिली दहा मिनिटं तोच बोलतो, आणि मसुदा लिहितं दोन वर्षांपूर्वी पास झालेलं पोर. पोराने लिहिण्यात वाईट काही नाही, सगळे असेच शिकतात. आत्याच्या ज्युनियरवरही माझा राग नाही. काम कोण करणार आहे हे वकीलपत्रावर सही घेताना सांगा, एवढंच.

आधीच्या आयुष्याची पार्श्वभूमी हा आणखी एक नाजूक विषय. पंचेचाळिशी उलटलेल्यांना सनद द्यायची नाही असा नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने केला होता. निवृत्त अधिकारी ओळखींच्या जोरावर वकिली करतात, अशी तेव्हाची भीती. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका शल्यचिकित्सकाला मात्र डॉक्टरी चालू ठेवून वकिली करता येणार नाही, असं सांगितलं. एका वेळी दोन गलबतांवर पाय नको हे ठीक. पण निवृत्तीनंतर काळा कोट घालणारा माणूस चाळीस वर्षांचं काही शिकून आलेला असतो. तो ओळखी विकतो की ज्ञान, हे ठरवायला पक्षकाराकडे आज काहीच साधन नाही.

आत्याचे दुसरे वकील असेच. भूमी अभिलेखमध्ये उभं आयुष्य काढून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, मग सनद घेतली. ते मला सापडले ई-कोर्ट्सवर, तालुक्यातल्या वाटपाच्या दाव्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं म्हणून. आत्याने पुढे केलेले फेरफार त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचले आणि दहा मिनिटांत सांगितलं की १९८७ ची एक नोंद वारसांना नोटीस न देताच मंजूर झाली आहे. आधीच्या दीड वर्षात तो कागद कोणी उलटूनही पाहिला नव्हता.

त्यांच्या पाटीवर नाव आहे आणि खाली बी.कॉम., एलएल.बी. मी म्हटलं, "भूमी अभिलेखचं लिहीत का नाही?" ते हसले. "लिहिलं तर बाररूममधलाच कोणीतरी तक्रार करील."

दावा अजून चालू आहे. आत्या तारखेला गेली की आवारातल्या बायाबापड्या आता तिलाच विचारतात, कुठला वकील करू म्हणून. ती आधी विचारते, "जमिनीचं आहे का अपघाताचं?"